गाडी रिकामी होईपर्यंत

मी एक जुना चिमटा आहे. चिमटा म्हटलं की तुमच्यातल्या काहींना गॅसशेजारचा आठवेल, काहींना दोरीवरच्या कपड्यांचा. मित्रांनो, मी त्या दोघांचाही दूरचा नातेवाईक, पण आमचं जाणं-येणं नाही. मी दवाखान्यातला, रुग्णाच्या बोटाला लावायचा चिमटा. माझ्या एका जबड्यात लाल दिवा आहे आणि दुसऱ्यात तो दिवा पाहणारा डोळा. मधे बोट आलं की उजेड त्यातून आरपार जातो. रक्तात प्राणवायू किती आहे, नाडी कशी चालली आहे, हे मी वायरीतून यंत्राला कळवतो. यंत्र ते पडद्यावर मोठ्या आकड्यांत दाखवतं आणि सगळी शाबासकी स्वतः घेतं. असं एक जण प्रत्येक घरात असतंच.

माझा डोळा आतल्या बाजूला. त्यामुळे मला जग दिसतं ते बोटाएवढं. बाकी सगळं मी ऐकून जाणतो, आणि खरं सांगू का, ऐकून माणूस जास्त कळतो. बघणाऱ्याला कपडेच आधी दिसतात.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या एका ताईंनी माझी स्प्रिंग बसवली, रबराचं अस्तर चिकटवलं आणि मी चालतो की नाही ते पाहायला मला स्वतःच्याच बोटाला लावलं. त्या बोटाला कात्रीचे घट्टे पडले होते. ते माझ्या आयुष्यातलं पहिलं बोट. "चालतोय गं हा," त्या शेजारणीला म्हणाल्या आणि मला खोक्यात टाकलं. एवढंच माझं बारसं.

खोक्यातून निघालो तो थेट दवाखान्यात. पोटात दुर्बीण घालून तपासतात, त्या विभागात. इथे एकापुढे एक तीन खोल्या आहेत. पहिली तयारीची, दुसरी तपासणीची आणि तिसरी जागं होण्याची. माझ्या यंत्राला चाकं आहेत, त्यामुळे रुग्णाबरोबर मीही तिन्ही खोल्या फिरतो. दुर्बीण गिळताना त्रास होऊ नये म्हणून शिरेतून गुंगीचं औषध देतात. माणूस थोडा वेळ झोपतो. झोपेत श्वास मंदावला, प्राणवायू कमी झाला, तर पहिली बातमी माझ्याकडे येते. मग यंत्राचा 'टुक टुक' आवाज खाली खाली जातो आणि सगळे धावतात.

किती बोटं पाहिली म्हणून सांगू! बेकरीवाल्याचं भाजलेलं, शिंपीणबाईंचं सुईने टोचून टोचून चाळणी झालेलं, माळीकाकांचं मातीच्या रेघांचं. गारठलेली बोटं आधी चोळावी लागतात. नखांना गडद रंग लावून कुणी आलं, तर माझा उजेड अडतो आणि मी भलतंच काही सांगतो. मग सिस्टर कापसाने रंग पुसतात आणि ती मुलगी म्हणते, "अहो, कालच लावला होता!" नखांपायी माझ्यावर रुसलेल्यांची संख्या थोडी नाही.

एकेकाळी माझं कौतुकही झालं. एका आजींचा श्वास अडखळला आणि मी वेळेवर ओरडलो, तेव्हा सिस्टरनी मला फडक्याने पुसलं आणि "गुणाचा आहेस हो" म्हणाल्या. यंत्राला नाही म्हणाल्या. मी ते अजून विसरलो नाही.

आमच्याकडे भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आहेत. त्यांची एक पद्धत आहे. झोपवण्याआधी त्या प्रत्येकाला म्हणतात, "तुमचं काम मला सांगा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने." बेकरीवाला पीठ मळण्यापासून सांगतो, शिंपीणबाई बाही जोडण्यापर्यंत. जागं झाल्यावर त्या तेच पुन्हा विचारतात. एकदा नव्या सिस्टरनी विचारलं, "मॅडम, नाव आणि तारीख विचारली तर नाही का चालणार?"

"नाव तर माणूस झोपेतही सांगतो," बाई म्हणाल्या, "आणि तारीख मलाच आठवत नाही. आपलं रोजचं काम ज्याला नीट क्रमाने सांगता आलं, तो खरा जागा."

वर्षं गेली. माझी स्प्रिंग सैल झाली. अस्तर झिजलं. वायरीला चिकटपट्टी गुंडाळली गेली, मग त्या चिकटपट्टीला दुसरी चिकटपट्टी. नवे चिमटे आले, बिनवायरीचे, तोऱ्यातले. मला कोपऱ्यातल्या शेवटच्या खाटेकडे ढकललं. दिवसचे दिवस मी हुकाला लटकून नुसता खाटेच्या दांडीवर आपटायचो. कुणी म्हणायचं, "हा टाकून द्या आता." सिस्टर म्हणायच्या, "असू दे, गर्दीच्या दिवशी लागतो." घरातल्या म्हाताऱ्यांबद्दलही असंच बोलतात, नाही का?

अशाच एका गर्दीच्या दिवशी शेवटच्या खाटेवर गाडीकाका आले.

ते शाळेच्या गाडीचे ड्रायव्हर. मुलं त्यांना गाडीकाका म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. बोट जाड, टोकाला चपटं, स्टिअरिंग धरून तळव्याकडे वळलेलं. बरोबर त्यांची थोरली बहीण होती. तिचा आवाज असा, की भिंतीपलीकडच्या माणसानेही सरळ बसावं.

"महिनाभर पोटात आग होते म्हणतोय आणि नुसता सोडा पितोय," ताई सिस्टरना सांगत होत्या. "शेवटी कान धरून आणलाय."

डॉक्टरबाई आल्या आणि एकेक विचारू लागल्या. दम्याचा त्रास? नाही. औषधांची ॲलर्जी? नाही. दारू घेता? "नाही," गाडीकाका चटकन म्हणाले. मग बाईंनी विचारलं, "कधी कावीळ झाली होती? यकृताची काही तक्रार?"

मित्रांनो, त्या क्षणी त्यांच्या बोटातली नाडी दचकली. शांत चाललेली ती एकदम उधळली. तोंडाने मात्र ते म्हणाले, "छे छे. काही नाही."

यंत्राचा आवाज जलद झाला. बाई मायेने म्हणाल्या, "घाबरू नका. दुर्बीण पातळ असते." त्यांना वाटलं, दुर्बिणीची भीती. तसं वाटणं साहजिकच होतं, इथे सगळ्यांचीच नाडी पळते. नाडी पळाली एवढं मला कळतं, ती का पळाली हे मला सांगता येत नाही.

"आज गाडी कोण चालवणार?" बाईंनी विचारलं. "गुंगीनंतर उद्यापर्यंत तुम्ही चालवायची नाही."

"दुसरा बघतोय," गाडीकाका म्हणाले. नाडी पुन्हा दचकली.

"बरं. आता तुमचं काम सांगा. शाळा सुटल्यापासून."

ते मात्र त्यांनी मनापासून सांगितलं. "फाटकातून निघालो की पहिला बेकरीचा कोपरा. तिथे दोघी बहिणी. मग पाण्याची टाकी, तिथे चष्मेवाला. मग पोस्टाच्या मागे तिघं, ती भांडतच चढतात आणि भांडतच उतरतात. पुलापलीकडे दोघं. आणि सगळ्यात शेवटी लाकडाच्या वखारीपाशी आमची चिमणी. बालवाडीतली आहे. ती रोज मागच्या सीटवर झोपलेली असते. तिला उठवायचं, बूट घालायचे आणि आजोबांच्या हातात हात द्यायचा. मग गाडी रिकामी. मग धुवायची."

चिमणीचं सांगताना ती नाडी कशी संथ झाली होती!

औषध गेलं. ते झोपले. तपासणीच्या खोलीत दुर्बीण आत गेली, आणि थोड्याच वेळात प्राणवायू घसरू लागला. नेहमीच्या मात्रेने असं सहसा होत नाही. माझा आवाज खाली आला. बाईंनी लगेच त्यांची हनुवटी वर उचलली, नाकातला प्राणवायू वाढवला. "मोठा श्वास घ्या, दादा. अजून एक. शाब्बास." आकडा पुन्हा चढला. तेवढ्यात दुर्बीणवाले डॉक्टर म्हणाले, "मॅडम, अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या दिसतात. यांचं यकृत ठीक नसणार."

बाईंनी पुढचं औषध थांबवलं. मग म्हणाल्या, "मग यांना उठायला वेळ लागेल. कुणी घाई करू नका."

जागं होण्याच्या खोलीत बराच वेळ गेला. नंतर आलेले दोघं उठून, चहा पिऊन घरी गेले. सगळ्यांत शेवटी गाडीकाकांनी डोळे उघडले असावेत, कारण ताईंचा आवाज आला, "उठलास का रे बाबा? माझा जीव टांगणीला लागला होता."

"मी ठणठणीत आहे," ते म्हणाले. आवाज स्पष्ट होता. थोडी थट्टाही केली, "तुझ्या बोलण्याने मेलेलाही उठेल." मग त्यांनी काय केलं असेल? मला बोटावरून काढलं आणि चादरीवर ठेवून दिलं. यंत्र ओरडायला लागलं, तर त्याचंही बटण दाबून ते गप्प केलं. आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, गाडीची किल्ली दे."

"कशाला?"

"उन्हात आहे गाडी. सावलीत लावतो."

"ती काय वितळतेय? पड गप."

"अगं, शाळा सुटायची वेळ झालीय. दुसरं कुणी नाहीये. मुलं फाटकात उभी राहतील."

"आणि मघाशी बाईंना काय सांगितलंस?"

"तसं सांगितलं नसतं तर आज तपासलंच नसतं. ताई, मी बोलतोय ना तुझ्याशी नीट? झोपेत आहे असं वाटतं का तुला?"

ताई थांबल्या. खरंच, ते नीटच बोलत होते. फाटकात उभी राहिलेली मुलं ताईंनाही दिसू लागली असणार. मला पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. मग किल्ल्यांचा.

मी चादरीवर उताणा पडलो होतो. रिकामा. बोटाशिवाय मी मुकाच, मित्रांनो. माझ्या लाल दिव्याचा उजेड कुठे पडत होता कोण जाणे.

"कुणी काढला चिमटा?" सिस्टर आल्या, आणि त्यांच्या मागे डॉक्टरबाईंची पावलं. किल्ल्यांचा आवाज एकदम बंद झाला. मला पुन्हा बोटावर बसवलं. आकडा बरा होता, पण फार बरा नव्हता.

"मी निघतो, मॅडम," गाडीकाका म्हणाले.

"निघा की," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली. "फक्त मला तुमचं काम सांगून निघा. शाळा सुटली. मग?"

"फाटकातून निघालो की बेकरीचा कोपरा. दोघी बहिणी." आवाज ठाम होता. "मग पाण्याची टाकी, चष्मेवाला. मग पोस्टाच्या मागे तिघं, भांडत. मग पूल, दोघं. मग... मग गाडी रिकामी. धुवायची."

ताईंनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांना वाटलं, झालं, पास.

बाईंनी खुर्ची अजून जवळ ओढली. मग अगदी हळू म्हणाल्या, "दादा, वखारीपाशी कोण उतरतं?"

बोटातली नाडी थांबली की काय, असं मला वाटलं. आणि मग ती अशी धावली, की यंत्रालाही मोजताना दम लागला.

"चिमणी," गाडीकाका म्हणाले. "ती मागच्या सीटवर... मी गाडी धुवायला लावली. ती आतच आहे." ते एकदम उठून बसले असावेत, खाट करकरली. "ती आतच राहिली, ताई!"

"नाही रे, नाही," ताई म्हणाल्या. "ती शाळेतच आहे अजून. तू कुठे गेलायस? इथेच तर आहेस." किल्ल्या पुन्हा पर्समध्ये गेल्या. चेन बंद झाली. या वेळी चांगली कचकन.

मोठा माणूस रडतो तेव्हा बोट थरथरतं. मला धरून राहावं लागलं. माझ्या सैल स्प्रिंगने जमेल तेवढं मी धरून राहिलो.

"मी खोटं बोललो, मॅडम," ते म्हणाले. "तरुणपणी मोठी कावीळ झाली होती. दोन वर्षांपूर्वी पाठ दुखते म्हणून रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, यकृताला सूज आहे, पुढच्या तपासण्या करा. मी गेलोच नाही."

"का?"

"ड्रायव्हर आहे मी. ड्रायव्हरचं यकृत बिघडलं म्हटल्यावर लोक काय समजतात? आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण कोण ऐकणार? पोरं कोण देणार माझ्या गाडीत?"

आणि जणू त्यांचं खरं करायलाच शेजारच्या खाटेजवळचे गृहस्थ पुटपुटले, "यकृत? म्हणजे पोहोचलेले दिसतात."

झालं. ताई उठल्या.

"ओ दादा! हा माणूस चहासुद्धा अर्धा कप पितो. लग्नात सरबत वाटतो आणि स्वतः पाणी पितो. तुम्ही तुमच्या पेशंटकडे बघा, त्याचं सलाईन संपत आलंय!" मग भावाकडे वळल्या. "आणि तू! लोकांना नाही सांगितलंस ते ठीक. मला तरी सांगायचंस. मी काय येऊन तुझं तोंड हुंगलं असतं?"

ताईंचा आवाज मग पहिल्यांदाच खाली आला. "वेडा कुठला. एकट्याने कशाला घाबरत बसलास?"

डॉक्टरबाईंनी मग जे समजावलं, ते तुमच्यासाठी जसंच्या तसं सांगतो. "दादा, गुंगीचं औषध म्हणजे तुमच्या गाडीत चढलेली मुलं समजा. सगळी एकदम चढतात. पण उतरवायची एकेक करून असतात. ते काम यकृताचं. तोच आतला ड्रायव्हर. धडधाकट असला तर भराभर सोडून येतो. तुमचा थकलाय. कावीळ त्याच्या अंगातून पूर्ण गेलीच नाही. तो कामचुकार नाही, रस्ता सोडत नाही, पण त्याला वेळ लागतो. तुम्हाला वाटतं मी जागा झालो. बोलता, हसता. पण आत अजून मुलं बसलेली आहेत. आधी कळलं असतं तर मी मुलंच कमी चढवली असती, एवढंच."

"म्हणजे मी अजून..."

"अजून अर्धी गाडी भरलेली आहे. पडून राहा."

पण एक काम उरलं होतं, आणि ते कुणी दुसरं करू शकत नव्हतं. ताईंनी शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन लावला आणि गाडीकाकांच्या कानाशी धरला.

"बाई, मी गाडीवाला बोलतोय. मला आज भूल दिलीय. मी गाडी चालवणार नाही. दुसरी सोय करा. आणि वखारीपाशी उतरणारी झोपते, तेवढी मागची सीट बघायला सांगा." नाडी वर चढत होती. "आणि बाई, माझं यकृत बरं नाही. दारूने नाही. पण बरं नाही. मी लपवलं होतं."

पलीकडून काय बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. इकडून नुसतं "हो... हो... बरं."

"काय म्हणाल्या?" ताईंनी विचारलं.

"चिमणीला त्या स्वतः सोडतायत. माझं म्हणाल्या, डॉक्टर काय सांगतात ते बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू, ताई."

त्यानंतर ते जे झोपले, तशी झोप मी फार कमी बोटांत पाहिली आहे. मूठ उघडून, सगळं खाली ठेवून झोपलेला माणूस. त्या दिवशी त्यांना घरी सोडलं नाही. मीही रात्रभर त्यांच्या बोटावर राहिलो. ताई खुर्चीत होत्या. मधूनच उठून त्या मला नीट सरकवत, पांघरूण सारखं करावं तशा.

काही महिन्यांनी गाडीकाका पुन्हा आले. त्या फुगलेल्या शिरांवर उपचार करायचे होते. बाईंनी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "मॅडम, माझं यकृत मंद आहे. मुलं कमी चढवा." बाई हसल्या. औषध कमी दिलं, वेळ जास्त धरला. नोकरीचं विचारलं, तर म्हणाले, गाडी सध्या दुसरा चालवतो. यकृताचे डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत शाळेने त्यांना मुलं सांभाळायला मागे बसवलंय. काही पालकांनी वेडंवाकडं विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं. दोघांनी तरीही मुलं काढून घेतली.

"वाईट वाटलं?" बाईंनी विचारलं.

"वाटलं. पण स्टिअरिंग सोपं होतं हो. पोस्टाच्या मागची तिघं काय चीज आहेत, ते मागे बसल्यावर कळतंय."

मित्रांनो, माझे आता थोडेच दिवस राहिलेत. अस्तर सुटलं आहे आणि ते पुन्हा कुणी चिकटवेल असं वाटत नाही. माझं काही मागणं नाही. पुसून, वायर नीट गुंडाळून ठेवलंत तर बरं वाटेल, एवढंच. पण तुमच्या घरातलं कुणी कधी दवाखान्यात निघालं, तर त्यांना माझा निरोप सांगा. म्हणावं, पूर्वीची कावीळ, रोजच्या गोळ्या, कुणी दिलेली चूर्णं, जे असेल ते भूल देणाऱ्यांना सांगून टाका. मला फक्त नाडी कळते. मनातलं कळत नाही. ते तुम्हालाच बोलावं लागतं.

आणि यकृताचं नाव निघालं की लगेच नजरेने बाटली शोधू नका. तुमच्या तशा एका नजरेपायी कुणीतरी दोन वर्षं गप्प बसतं.

शेवटचं एक. आपलं माणूस शुद्धीवर यायला इतरांपेक्षा वेळ लावत असेल, तर गालावर थापट्या मारून "उठ, उठ" करू नका. डॉक्टर-सिस्टरांचं लक्ष आहे ना, ते पाहा. मग शेजारी बसा, हात हातात घ्या. तो हात थंड असला तर जरा चोळा. तो येतोच आहे. त्याची वाट जरा लांबची आहे, एवढंच.